बुद्धीची जडणघडण : शाळा, साधने आणि समाज

एखाद्या मुलाला गणित सुटले नाही, वाचताना तो अडखळला किंवा फळ्यासमोर उभा राहून गप्प राहिला, की त्याच्यावर ‘ढ’ असा शिक्का मारण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. ब्राह्मी लिपीपासून देवनागरीपर्यंतच्या प्रवासात इतर अक्षरांची वळणे बदलत गेली, ‘ढ’ मात्र फारसा बदलला नाही. म्हणून ज्याच्यात काही फरक पडत नाही तो ‘ढ’, अशी या शब्दाची उपपत्ती सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, या एकाक्षरी शब्दामागे एक संपूर्ण समजूत दडलेली आहे. बुद्धी ही जन्मतः ठराविक मापाने मिळते, ज्याला जेवढी मिळाली तेवढीच त्याची, आणि शाळा, साधने किंवा शेजारपाजार यांनी त्या मापात काही फरक पडत नाही, अशी ती समजूत होय.

ही समजूत केवळ बोलण्यापुरती राहत नाही. वर्गात प्रश्न कोणाला विचारावा, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला कोणाला बसवावे, मुलीला सातवीनंतर पुढच्या गावी शिकायला पाठवावे की नाही, कोणत्या वस्तीतील बालवाडीकडे आधी लक्ष द्यावे, असे अनेक निर्णय तिच्या आधाराने होत असतात. ते घेणारे शिक्षक, अधिकारी आणि पंचायतीचे सभासदच असतात. म्हणून मानवी बुद्धी आणि वर्तन कशाने घडते, यासंबंधी गेल्या शंभराहून अधिक वर्षांत जे ज्ञान हाती आले आहे, त्याचा परिचय त्यांना असणे अगत्याचे आहे.

मोजपट्टीचा मूळ हेतू

बुद्धिमापनाची सुरुवात फ्रान्समध्ये झाली. सर्वसाधारण वर्गात ज्या मुलांना शिकणे जड जाते, त्यांच्यासाठी काय व्यवस्था करावी, याचा विचार करण्यासाठी तेथील शिक्षण खात्याने १९०४ मध्ये एक आयोग नेमला. त्या कामाच्या निमित्ताने मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी तेओदोर सिमाँ यांच्या साहाय्याने १९०५ मध्ये सोप्यापासून अवघडापर्यंत चढत जाणाऱ्या प्रश्नांची एक श्रेणी तयार केली. कोणत्या मुलाला अधिक मदतीची गरज आहे हे ओळखणे, एवढाच तिचा हेतू होता. बुद्धी वाढूच शकत नाही असे मानणाऱ्यांचा बिने यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात कडक शब्दांत निषेध केला आणि अवधान, स्मरण व निर्णयशक्ती वाढविण्यासाठी मुलांकडून करून घ्यावयाचे व्यायामही सुचविले. शरीर जसे व्यायामाने कमावता येते तसे मनही कमावता येते, अशी त्यांची धारणा होती.

१९११ मध्ये बिने यांचे निधन झाले आणि पुढे त्यांच्या मोजपट्टीला निराळेच वळण लागले. जर्मनीतील विल्यम स्टर्न यांनी १९१२ मध्ये मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची पद्धत मांडली. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९१६ मध्ये बिने यांच्या चाचणीची स्टॅनफर्ड आवृत्ती काढली आणि बुद्ध्यंक हा शब्द सर्वतोमुखी झाला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने आपल्या सैनिकांच्या सामुदायिक चाचण्या घेतल्या. त्यांच्या आधारे कार्ल ब्रिगम यांनी १९२३ मध्ये असा निष्कर्ष काढला, की दक्षिण व पूर्व युरोपातून आलेले लोक जात्याच कमी बुद्धीचे असतात. वस्तुतः त्याच आकड्यांत आणखी एक गोष्ट दिसत होती. अमेरिकेत राहून जितकी अधिक वर्षे झाली, तितके गुण अधिक! म्हणजे चाचणी मोजत होती ती बऱ्याच अंशी त्या देशाच्या भाषेशी आणि रीतिरिवाजांशी झालेली ओळख. १९३० मध्ये ब्रिगम यांनी आपले निष्कर्ष मागे घेतले.

आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड येथे मराठी व कानडी मुलांसाठी या चाचणीचे रूपांतर केले आणि त्यासंबंधीचा त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. ‘बिने–कामत चाचणी’ या नावाने ती मानसशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. पॅरिस किंवा कॅलिफोर्नियातील मुलांसाठी केलेले प्रश्न आपल्या मुलांना जसेच्या तसे विचारता येत नाहीत, ते आपल्या भाषेत आणि परिस्थितीत बसवून घ्यावे लागतात, ही गोष्टच पुष्कळ काही सांगून जाते. बुद्धीचा प्रश्न हवेत विचारता येत नाही. तो कोणत्या तरी भाषेत आणि कोणत्या तरी समाजातच विचारावा लागतो.

बीज आणि शेत

याचा अर्थ अनुवंशाला काहीच महत्त्व नाही असा मात्र नव्हे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून बुद्धीच्या बाबतीत अनुवंशाचा वाटा लहान नाही, हे दिसून आले आहे. परंतु या विधानाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७० मध्ये तो शेतीच्या दृष्टान्ताने स्पष्ट केला होता. आपल्या शेतकऱ्याला तो सहज पटेल.

मिश्र बियाण्याचे एकच पोते घेऊन त्यातील निम्मे बी काळ्याभोर, ओलिताच्या जमिनीत पेरले आणि निम्मे मुरमाड, कोरडवाहू जमिनीत पेरले, असे समजू. एकाच शेतातील दोन ताटांच्या उंचीत जो फरक दिसेल तो बियाण्याचा. कारण जमीन आणि पाणी दोहोंनाही सारखेच. परंतु या शेतातील पीक आणि त्या शेतातील पीक यांत जो फरक दिसेल तो मात्र जमिनीचा व पाण्याचा. कोरडवाहू शेतातील पीक खुजे राहिले म्हणून कोणी त्या बियाण्याला दोष देत नाही. मुलांच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करीत असतो.

परिस्थितीचा प्रभाव किती मोठा असू शकतो, याचा पुरावा न्यूझीलंडमधील अभ्यासक जेम्स फ्लिन यांनी पुढे आणला. १९३२ ते १९७८ या काळात अमेरिकेतील लोकांचा सरासरी बुद्ध्यंक सुमारे १४ अंकांनी वाढल्याचे त्यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले आणि १९८७ मध्ये चौदा देशांतील वाढीची आकडेवारी प्रसिद्ध केली. दोन पिढ्यांत कोणत्याही समाजाचा अनुवंश इतका बदलत नाही. बदलले ते शिक्षण, आहार, कुटुंबाचा आकार, कामाचे स्वरूप आणि रोजच्या जीवनातील साधने. यांपैकी कशाचा वाटा किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण कारण परिस्थितीत आहे याविषयी फारसे दुमत नाही.

ही वाढ अखंड चालते असेही नाही. नॉर्वेमध्ये सैन्यभरतीच्या वेळी घेतलेल्या चाचण्यांत, १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत जन्मलेल्या मुलांचे गुण वाढत गेले आणि त्यानंतर जन्मलेल्यांचे घसरू लागले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हीच चढउतार एकाच घरातील थोरल्या आणि धाकट्या भावांतही आढळली. आईबाप तेच, रक्त तेच. बदलला तो काळ. परिस्थिती जशी बुद्धीला वर नेते तशी ती खालीही आणू शकते, हा यातील इशारा आहे.

शाळेने विचाराला दिलेले वळण

शिक्षणाने माणसाच्या विचार करण्याच्या पद्धतीत नेमका कोणता बदल होतो? रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी १९३१ आणि १९३२ मध्ये उझबेकिस्तान व किरगिझिया येथील खेड्यांत या प्रश्नाचा अभ्यास केला. त्या भागात तेव्हा सामुदायिक शेती आणि साक्षरतेचे वर्ग नुकतेच सुरू होत होते. त्यामुळे मुळीच न शिकलेले आणि वर्ष-दोन वर्षे शिकलेले, अशी दोन्ही प्रकारची माणसे एकाच परिसरात भेटत होती.

लुरिया यांनी हातोडी, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका यांची चित्रे दाखवून विचारले, ‘यांत न बसणारी वस्तू कोणती?’ शिकलेल्यांनी ओंडका वेगळा काढला. कारण बाकीची तीन हत्यारे. न शिकलेल्या शेतकऱ्यांचे म्हणणे असे, की चारही वस्तू हव्यात. ओंडकाच नसेल तर करवत आणि कुऱ्हाड घेऊन करायचे काय? दुसरा प्रश्न अस्वलांविषयी होता. अतिउत्तरेकडे, जेथे बर्फ असते तेथे सर्व अस्वले पांढरी असतात. नोवाया झेमल्या हा द्वीपसमूह अतिउत्तरेस आहे. तर तेथील अस्वलांचा रंग कोणता? यावर त्या शेतकऱ्यांचा रोख असा, की आम्ही तिकडे गेलेलो नाही. न पाहिलेल्या गोष्टीविषयी काय सांगावे? ज्याने पाहिले असेल त्याला विचारा.

वरवर पाहणारा या माणसांना मंदबुद्धी ठरवील. परंतु विचार केला तर त्यांच्या उत्तरात खोट काढण्यासारखे काही नाही. न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देऊ नये, हा चावडीवरच्या व्यवहारातील शहाणपणाचा नियमच आहे. शाळा एक वेगळा नियम शिकविते : दिलेले विधान क्षणभर खरे धरा आणि त्यातून काय निघते ते सांगा. हा नियम माणसाने घडविलेला आहे, तो शिकावा लागतो, आणि महत्त्वाची गोष्ट ही, की अगदी थोडे शिक्षण झालेल्या त्याच परिसरातील लोकांनी तो आत्मसात केला होता. विज्ञान, कायदा आणि शासनव्यवहार यांचा पाया याच नियमावर उभा असल्यामुळे जो तो शिकत नाही तो या व्यवहारांच्या दाराबाहेर राहतो. लुरिया यांचे हे संशोधन त्यांच्याच देशात बराच काळ अडून राहिले आणि १९७४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

मग हा बदल अक्षरओळखीने होतो की शाळेतील शिकण्याच्या रीतीने? या प्रश्नाचे उत्तर आफ्रिकेतील लायबेरिया देशातून मिळाले. तेथील वाई लोकांची स्वतःची लिपी आहे आणि ती शाळेबाहेर, घरी किंवा मित्राकडून शिकली जाते. सिल्व्हिया स्क्रिब्नर आणि मायकेल कोल यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की केवळ ही लिपी येत असल्याने माणसाच्या एकूण तर्कशक्तीत मोठा फरक पडत नाही. ज्या कामासाठी लिपी वापरली जाते, उदाहरणार्थ पत्रलेखन, त्या कामाशी निगडित कौशल्ये मात्र वाढतात. उत्तरामागचे कारण सांगण्याची क्षमता शाळेत गेलेल्यांमध्ये अधिक दिसली. म्हणजे ‘असे का?’ हा प्रश्न वारंवार विचारला गेल्याने ती येते. जेथे हा प्रश्नच विचारला जात नाही, केवळ घोकंपट्टी होते, तेथे अक्षरे येतील, पण विचाराला वळण लागेलच असे नाही.

बाजारातील गणित आणि वहीतील गणित

ब्राझीलमधील रेसिफे शहराच्या बाजारात नारळ, लिंबे अशा वस्तू विकणाऱ्या ९ ते १५ वर्षे वयाच्या पाच मुलांचा अभ्यास तेरेझिन्या काराहेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. गिऱ्हाईक होऊन बाजारात विचारलेल्या ६३ हिशेबांपैकी ९८.२ टक्के या मुलांनी बिनचूक सांगितले. तेच हिशेब नंतर आकड्यांच्या रूपात, शाळेच्या पद्धतीने विचारल्यावर बरोबर उत्तरांचे प्रमाण ३६.८ टक्क्यांवर आले. बारा वर्षांच्या एका मुलाने ३५ क्रुझेरोंना एक याप्रमाणे चार नारळांचे १४० बरोबर सांगितले : तिघांचे १०५, त्यात आणखी एक. त्याच मुलाला ३५ गुणिले ४ कागदावर करायला सांगितले तेव्हा हातच्याचा घोटाळा होऊन उत्तर आले २००. मुलगा तोच, आकडे तेच आणि बुद्धीही तीच.

अशाच स्वरूपाचा, पण कितीतरी मोठा अभ्यास भारतात कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयी झाला आणि तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो हे नोबेल पारितोषिक विजेते त्यातील संशोधकांत होते. बाजारातील मुलांना गुंतागुंतीचे व्यवहारी हिशेब तोंडी येत. पण पाठ्यपुस्तकातील साध्या उदाहरणांशी ती अडत. उलट शाळेतील मुलांना पुस्तकी उदाहरणे येत. पण बाजारातला हिशेब जमत नसे. दोन्हीकडे बुद्धी होती; दोहोंना जोडणारा पूल मात्र नव्हता.

आपल्या जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत असत. मण-शेर आणि रुपये-आणे यांच्या व्यवहारासाठी समाजाने तयार केलेले ते बुद्धीचे एक साधनच होते. दशमान पद्धती आली आणि ते पाढे मागे पडले, हे स्वाभाविकच झाले. परंतु वर्गातील गणिताने बाजाराशी बोलावे, हा त्यामागचा विचार आजही टाकाऊ झालेला नाही. भाजीची पाटी घेऊन आईबरोबर आठवड्याच्या बाजारी बसणारी मुलगी वर्गात ‘गणितात कच्ची’ ठरते, तेव्हा शिक्षकाने एकदा तिला नाणी-नोटांच्या भाषेत तोच प्रश्न विचारून पाहावा.

यंत्राबरोबर माणसे हवीत

छपाई, रेडिओ, दूरचित्रवाणी, संगणक, मोबाइल अशी साधने क्रमाने आली आणि प्रत्येक वेळी, आता समाज आपोआप शहाणा होईल, असे एका पक्षाने म्हटले. तर आता समाज बिघडेल, असे दुसऱ्याने. यासंबंधीचा एक अत्यंत बोलका प्रयोग आपल्याच भूमीत झाला आहे.

१९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने मराठी भाषक पाच जिल्ह्यांतील १५० गावांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. गावातील काही मंडळी ठरलेल्या वेळी एकत्र बसत, शेती व ग्रामसुधारणेवरील अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत आणि नंतर त्यावर चर्चा करीत. चर्चेची टिपणे ठेवली जात, शंका केंद्राकडे कळविल्या जात आणि पुढील कार्यक्रमांत त्यांची उत्तरे दिली जात. असे वीस कार्यक्रम झाले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले व पॉल न्यूराथ यांनी त्याचा अहवाल सिद्ध केला.

मूल्यमापनासाठी मंडळे असलेल्या गावांची तुलना दोन प्रकारच्या गावांशी करण्यात आली : रेडिओ असलेली पण मंडळ नसलेली, आणि रेडिओच नसलेली. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक वाढ झाली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती नगण्य होती. एवढेच नव्हे, तर ही मंडळे पाहता पाहता गावाच्या कामांविषयी निर्णय घेणारी केंद्रे बनू लागली. १९५९ मध्ये ही कल्पना देशभर नेण्यात आली.

रेडिओ तोच, आवाजही तोच. फरक पडला तो ऐकल्यानंतर शेजारी बसलेल्या माणसाशी बोलल्याने, शंका विचारल्याने आणि आपल्या शंकेला उत्तर मिळते हे अनुभवल्याने. यंत्र माहिती पोचविते. तिचे समजुतीत रूपांतर माणसांच्या संगतीत होते.

आजच्या मोबाइलला हीच कसोटी लावून पाहावी. ‘असर’ या नावाने प्रसिद्ध होणाऱ्या पाहणीचा २०२३ चा अहवाल ग्रामीण भारतातील १४ ते १८ वयोगटाविषयी होता. पाहणीतील सुमारे ९० टक्के मुलामुलींच्या घरी स्मार्टफोन होता आणि तो वापरताही येत होता. त्याच मुलामुलींपैकी सुमारे एक चतुर्थांश जणांना आपल्या भाषेतील दुसरीच्या पातळीचा उतारा अस्खलित वाचता येत नव्हता. आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे उदाहरण ४३.३ टक्के मुलांनाच सोडविता आले. साधन हाती आले, त्याभोवती बसणारे मंडळ मात्र आले नाही, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो.

समाजाची नजर

शाळा आणि साधने यांच्याइतकाच, किंबहुना त्यांच्याहूनही सूक्ष्म असा प्रभाव समाजाच्या नजरेचा असतो. उत्तर प्रदेशातील ग्रामीण भागात कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी सहावी-सातवीतील ६४२ मुलांवर केलेला प्रयोग प्रत्येक शिक्षकाने ध्यानात ठेवावा असा आहे. यांपैकी निम्मी मुले उच्च मानल्या जाणाऱ्या जातींतील, तर निम्मी खालच्या मानल्या गेलेल्या जातींतील होती. त्यांना कागदावरील चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली आणि सुटलेल्या कोड्यांमागे पैसे ठेवले. मुलांच्या जाती जाहीर केल्या नव्हत्या तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत फरक आढळला नाही. परंतु इतर मुलांसमक्ष प्रत्येकाची जात वाचून दाखविल्यावर खालच्या मानल्या गेलेल्या जातींतील मुलांनी सोडविलेल्या कोड्यांची संख्या लक्षणीय प्रमाणात घसरली.

त्या काही मिनिटांत मुलांची बुद्धी कोठे गेली नव्हती. आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहिले जाते याची आठवण तेवढी करून दिली गेली होती. वर्गात शिष्यवृत्तीचे अर्ज वाटताना जातीचा पुकारा करणे, ‘अमक्या वस्तीतील पोरे’ असा उल्लेख करणे, या गोष्टी करणाऱ्याला किरकोळ वाटतात. ऐकणाऱ्याच्या उत्तरपत्रिकेत मात्र त्या उतरतात.

नजर बदलली तर उलटही घडते. पश्चिम बंगालमधील बीरभूम जिल्ह्यात ग्रामप्रधानाची पदे स्त्रियांसाठी आळीपाळीने राखीव असत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४९५ गावांची पाहणी करण्यात आली. ज्या गावांत लागोपाठ दोन मुदतींसाठी पद राखीव होते, तेथे मुलगा आणि मुलगी यांच्याविषयी पालकांच्या आकांक्षांत असलेली तफावत २५ टक्क्यांनी, तर मुलामुलींच्या स्वतःच्या आकांक्षांतील तफावत ३२ टक्क्यांनी कमी झाली होती. शिक्षणात मुली मुलांच्या मागे होत्या ते अंतर तर नाहीसेच झाले होते. त्या गावांत मुलींसाठी वेगळ्या शाळा निघाल्या म्हणून हे घडले नाही. एक स्त्री सभेत अध्यक्षस्थानी बसते, सही करते, निर्णय देते, हे मुलींनी आणि त्यांच्या आईबापांनी रोज पाहिले. महाराष्ट्रात पंचायत राज्य संस्थांतील स्त्रियांचे आरक्षण २०११ मध्ये ५० टक्के करण्यात आले. महिला सरपंच स्वतः कारभार पाहतात की त्यांच्या नावाने दुसराच कोणी पाहतो, हा प्रश्न केवळ कारभाराचा नाही. गावातील प्रत्येक मुलगी त्यातून स्वतःविषयी काहीतरी शिकत असते.

कुरणात भरलेली शाळा

शाळा, साधने आणि समाजाची नजर या तिन्हींचा मेळ घालण्याचे एक जुने उदाहरण महाराष्ट्रातच आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाच्या कार्याला आरंभ केला. पुढे १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. वारली मुले शाळेत येत नाहीत. कारण ती दिवसभर गुरांमागे असतात, हे त्यांनी पाहिले. ‘या मुलांना शिक्षणाची आवड नाही’, असे म्हणून त्या थांबल्या नाहीत. गुरे जेथे चरतात त्या कुरणातच त्यांनी शाळा भरविली. मूल अंगणवाडीत येत नसेल तर अंगणवाडी मुलाच्या अंगणात नेली. दगड, पाने, बिया, फुले हीच शिक्षणाची साधने झाली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री देऊन या कार्याचा गौरव करण्यात आला. त्याहून मोठी गोष्ट ही, की ज्यांना लोक शिकण्यास अपात्र समजत होते ती मुले शिकली.

गावाच्या हाती काय आहे?

या सर्व विवेचनातून निघणाऱ्या गोष्टी मोठ्या खर्चाच्या नाहीत. शिक्षकाने मुलाच्या चुकीच्या उत्तराला ‘चूक’ म्हणण्यापूर्वी ‘हे कसे काढलेस?’ असे एकदा विचारावे. कारण पुष्कळदा चुकलेली असते ती रीत, समज नव्हे. चाचणी ही बिने यांच्या हेतूप्रमाणे मदत कोणाला हवी हे ओळखण्यासाठी वापरावी, कोणाला वगळायचे हे ठरविण्यासाठी नव्हे. वर्गात जातीचा, वस्तीचा किंवा घरच्या गरिबीचा उल्लेख सर्वांसमक्ष होणार नाही, अशी दक्षता मुख्याध्यापकांनी घ्यावी.

शाळा व्यवस्थापन समितीला आणि ग्रामपंचायतीला रेडिओ मंडळाचा धडा आजही गिरविता येईल. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवून शाळेच्या ओसरीवर किंवा समाजमंदिरात मुलांनी व पालकांनी मोबाइलवरील एखादा उपयुक्त कार्यक्रम एकत्र पाहावा, त्यावर बोलावे, शंका लिहून ठेवाव्यात आणि त्यांची उत्तरे कृषी सहायक, आरोग्यसेविका किंवा शिक्षक यांच्याकडून मिळवावीत. पंचायतीने ग्रंथालयासाठी जागा दिली तर त्याबरोबर वाचून दाखविणारा माणूसही द्यावा. अधिकाऱ्यांनी शाळेला साधने किती पुरविली एवढ्यावर न थांबता, त्या साधनांभोवती मुले किती बोलती झाली, याचीही नोंद मागवावी.

आपल्याकडे पीक खुजे आले तर शेतकरी माती तपासतो, पाणी पाहतो, खताचा विचार करतो. बियाण्याला दोष देतो तो सर्वांत शेवटी. वर्गात मागे पडलेल्या मुलाविषयी निर्णय घेण्याचा प्रसंग येईल तेव्हा शिक्षक, अधिकारी आणि पंचायतीचे सभासद यांनी एवढाच क्रम पाळला, तरी अनेक मुलांच्या कपाळावरचा तो एकाक्षरी शिक्का पुसला जाईल.